ॲपच्या आधी यादी

खान्देशातल्या वाचनालयांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन बाजूंनी रंगतो. एक बाजू म्हणते, वाचनालयात आता येतं कोण? सकाळी पेपर चाळणारे दोन-चार पेन्शनर, आणि दिवसभर अभ्यासिकेत एमपीएससी-पोलीस भरतीची गाइडं घेऊन बसलेली पोरं. मग अनुदान कशाला? सरकारनं टोरांटोसारखं एक ॲप काढावं आणि घरबसल्या पुस्तकं द्यावीत. दुसरी बाजू म्हणते, ॲप-बिप राहू द्या, अनुदान वाढवा आणि कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या. इथे टोरांटोत बसून सल्ले देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे कबूल. पण उदाहरण ज्या गावाचं दिलं जातं, तिथल्या ॲपच्या पोटात काय आहे ते तरी नीट कळलेलं बरं.

ॲपचं नाव लिबी. ते लायब्ररीचं नाही. ओव्हरड्राइव्ह या अमेरिकी कंपनीचं आहे आणि 2020 पासून त्या कंपनीची मालकी केकेआर या खासगी गुंतवणूक कंपनीकडे आहे. वापरायला सोपं आहे. टोरांटोत राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कुणालाही लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं. कार्डाचा नंबर आणि पिन ॲपमध्ये टाकला की झालं. पुस्तक शिल्लक असेल तर लगेच उतरवून घ्यायचं, नसेल तर रांगेत नाव लावायचं. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे दंडाचा प्रश्नच नाही. (छापील पुस्तकांचा उशिराचा दंडही टोरांटोनं 2022 मध्ये बंद केला. पुस्तक हरवलं तर मात्र पैसे भरावे लागतात.) कोबोच्या वाचनयंत्रात ही सोय आतच बसवलेली असते. किंडलवर लायब्ररीची पुस्तकं घेण्याची सोय मात्र फक्त अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना आहे, कॅनडात नाही. भारतातून येताना किंडल घेऊन येणारे इथे हमखास फसतात.

आता रांगेचं गणित. एखाद्या नव्या कादंबरीच्या 5 प्रती आहेत आणि तुमच्यापुढे 40 जण आहेत. म्हणजे एका प्रतीमागे 8. प्रत्येकानं पूर्ण 21 दिवस पुस्तक ठेवलं तर तुमचा नंबर लागायला 168 दिवस, म्हणजे 24 आठवडे. सगळ्यांनी 14 दिवसांची मुदत निवडली तर 16 आठवडे. वाचून झाल्यावर वेळेआधी ‘परत’ दाबणाऱ्यामुळे मागची अख्खी रांग पुढे सरकते, पण तेवढे कष्ट फार थोडे घेतात. नंबर लागला आणि तेव्हा वाचायला सवड नसली, तर ‘नंतर द्या’ असा पर्याय असतो. तो निवडला की प्रत पुढच्या माणसाकडे जाते आणि आपली जागा पहिलीच राहते. हे ठाऊक नसलेले नंबर सोडून देतात आणि पुन्हा शेपटाला जाऊन उभे राहतात.

फायली तर हव्या तेवढ्या निघतात, मग पाचच प्रती का, हा प्रश्न गावाकडून नेहमी येतो. खरी मेख तिथेच आहे. ई-पुस्तकाच्या बाबतीत लायब्ररी पुस्तक विकत घेत नाही, परवाना घेते. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. हार्परकॉलिन्सनं 2011 मध्ये 26 वेळा दिल्यावर परवाना संपेल असा नियम आणला. पेंग्विन रँडम हाउसनं 2018 मध्ये कायमचा परवाना बंद करून दोन वर्षांचा केला, पुढच्या वर्षी हॅशेटही त्याच वाटेनं गेली. किंमत तुम्ही-आम्ही देतो त्याच्या तिप्पट ते पाचपट. खंडानं घेतलेल्या शेतासारखं आहे हे: मुदत संपली की बांधाच्या बाहेर, मग विहीर तुम्ही खोदलेली का असेना. दोन वर्षांनी परवाना संपतो आणि तेच पुस्तक त्याच भावात पुन्हा घ्यावं लागतं. छापील प्रत मात्र एकदा घेतली की बाइंडिंग सुटेपर्यंत लायब्ररीची, आणि सुटल्यावर पुन्हा बांधून पुढेही.

हाच हिशेब गावाकडे लावून बघा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्यात ग्रंथालय उपकराची, म्हणजे वाचनालयांसाठी वेगळ्या कराची तरतूद नाही, त्यामुळे सगळी भिस्त सरकारी अनुदानावर. ‘ड’ या सगळ्यांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान 60 टक्के वाढीनंतर 30 हजारांवरून 48 हजारांवर गेलं. गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाचा दोन वर्षांचा परवाना 55-60 अमेरिकी डॉलरांना, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास पडतो. पगार, वीज, पेपरचं बिल यांतलं काहीही न देता अख्खं अनुदान ओतलं तरी नऊ-दहा पुस्तकं येतील, आणि दोन वर्षांनी तीही जातील. मराठी पुस्तकाची किंमत एवढी नसेल हे खरं. पण करार एकदा याच घडणीचा झाला की त्यातली मुदत आणि एका वेळी एक वाचक ही अट किंमत कमी असली तरी तशीच राहते. म्हणून ‘टोरांटोसारखं ॲप’ मागणाऱ्यांनी आधी टोरांटोसारखा करार वाचावा.

मग टोरांटोकडून घेण्यासारखं काय? माझ्या मते ॲपच्या मागे असलेली जुनीच गोष्ट: शंभर शाखांची एक यादी आणि एक कार्ड. पुस्तक शहराच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी मागणी नोंदवायची. ते लायब्ररीच्या गाडीतून तुमच्या शाखेत येतं आणि मागणीच्या फळीवर तुमच्यासाठी ठेवलेलं असतं. परत कुठल्याही शाखेत करा. या यंत्रणेचं महत्त्व ती बंद पडली तेव्हा दिसलं. ऑक्टोबर 2023 मध्ये लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीचा सायबर हल्ला झाला. शाखा उघड्या होत्या, पुस्तकं दिली जात होती, पण परत आलेली नोंदवता येत नव्हती. नोंद नाही म्हणून फळीवर लावता येत नाहीत, अशी लाखो पुस्तकं ट्रेलरांत भरून उभी करावी लागली. गाडं रुळावर यायला 2024 उजाडलं. इमारती होत्या, पुस्तकं होती, माणसंही होती. गेली होती ती फक्त यादी.

खान्देशात हीच अवस्था कायमची आहे. जळगावचं व. वा. वाचनालय शंभरी ओलांडलेलं, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं, धुळ्याला गरुड वाचनालय आणि 1927 पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ. शिवाय तालुक्या-तालुक्यांत, खेड्यापाड्यांत अ-ब-क-ड वर्गांची वाचनालयं. पण प्रत्येक संस्था वेगळी, तिचं सभासदत्व वेगळं, अनामत वेगळी, दाखल नोंदवही वेगळी. पारोळ्याच्या वाचकाला हवं असलेलं पुस्तक अमळनेरात धूळ खात पडलेलं असू शकतं आणि दोन्हीकडच्या ग्रंथपालांना त्याचा पत्ता नसतो. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेले तेच ते संच दहा वाचनालयांत दहा वेळा, आणि चांगलं चरित्र मात्र एकाकडेही नाही.

एकत्रित यादी करायला लागतं काय? कोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. न्यूझीलंडच्या एका छोट्या लायब्ररीनं 2000 साली ते सुरू केलं, आज जगभर चालतं. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालयही आहे. पाच हजार पुस्तकांच्या वाचनालयात एका माणसानं दिवसाला 70 नोंदी केल्या तर 72 कामाचे दिवस. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय एवढं पुरे. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नसतो, म्हणून तो रकाना सक्तीचा ठेवू नये, नाहीतर काम करणारा तिथे काहीतरी आकडे ठोकून मोकळा होतो.

घोडं अडतं ते अक्षरांवर. बऱ्याच वाचनालयांनी पूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटात याद्या टाइप करून ठेवल्यात. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोध लागणारच नाही, पडद्यावर नुसता किडा-मुंगीचा कचरा दिसेल. युनिकोडातही सापळे आहेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, ‘ॲ’सुद्धा दोन तऱ्हांनी. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. एकानं एका पद्धतीनं भरलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं की उत्तर येतं: पुस्तक उपलब्ध नाही. कोहा बसवताना देवनागरीसाठी शोधाच्या अनुक्रमणिकेत आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या सोयीची मांडणी चालू करावी लागते, तीही बसवणारा हटकून विसरतो. लेखकाच्या नावाचंही एकदाच काय ते ठरवावं. आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही. नाहीतर एकाच लेखकाचे चार लेखक होतात.

हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असं नाही. उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांची मराठी पुस्तकं मुख्यतः लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत खरेदी होत आली आहेत, आणि त्यांच्या नोंदी ठरावीक रोमन लिप्यंतरात असतात. त्यात ‘च’साठी नुसतं सी, आणि सी-एच म्हणजे ‘छ’. त्यामुळे बहिणाबाई चौधरींचं आडनाव आपण लिहितो तसं सी-एच लावून शोधलं तर पुस्तक सापडत नाही. सी-पुढचा एच गाळला की सापडतं. इथल्या मराठी मंडळींनी ‘लायब्ररीत मराठी काहीच नाही’ म्हणण्याआधी एकदा एच गाळून बघावा. आणि लिबीत हवं ते पुस्तक लायब्ररीकडे नसेल तर त्यावर ‘कळवा’ची खूण करून ठेवावी. लायब्ररीला मागणी दिसते ती त्याच खुणांमधून. तक्रारी मात्र सगळ्या जेवणाच्या टेबलावर होतात.

डिजिटल काही करूच नये असं माझं म्हणणं नाही. जे आपल्याच हक्काचं आहे तिथून सुरुवात करावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षांनी त्याचं लेखन मुक्त होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांचं. मरणोत्तर छापलेल्या लेखनाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाईंच्या कविता 1952 मध्ये छापल्या गेल्या, त्या 2013 पासून मुक्त. नंतरच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचा हक्क मात्र वेगळा, ती पानं वगळायची. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांनाही 2012 च्या दुरुस्तीनं एक वाट दिली आहे: वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. जतनासाठी, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यासाठी नव्हे. ‘आमचं डिजिटल वाचनालय’ म्हणून नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरवणारे ग्रुप सरळ चोरी करतात, आणि त्यात मरतो तो पाचशे-हजार प्रतींवर जगणारा मराठी प्रकाशक. कॅनडात लायब्रऱ्यांत पुस्तक आहे म्हणून लेखकाला 1986 पासून सरकार दरवर्षी मोबदला देतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. मागायचंच तर हेही मागा.

स्कॅनिंग मोबाइलवर उरकू नये. पानाच्या कण्याकडची अक्षरं वाकतात, अंगठा येतो, एखादं पान सुटतं आणि ते तीन वर्षांनी कळतं. वरून कॅमेरा असलेला स्कॅनर, 300 डीपीआय, आणि शेवटी पानांची मोजणी. आधी पुस्तक झटकून, कसर लागलेली पानं वेगळी करून घ्यायची. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात 45 अंशांत तापून निघालेला जुना कागद घडीवर तुटतो, अशी पुस्तकं पूर्ण उघडून दाबायचीच नाहीत. खिळ्यांच्या छपाईतली एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं यंत्र चुकीची वाचतं, म्हणून ओळखलेला मजकूर फक्त शोधासाठी वापरावा, वाचायला पानाचं चित्रच द्यावं. फाइलला ‘स्कॅन 1’ असं नाव न देता दाखल क्रमांक द्यावा.

खान्देशच्या अहिराणी बोलीच्या बाबतीत तर छापील पुस्तकापेक्षा आवाजच आधी हवा. कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांचं वय बघता हे काम तातडीचं आहे. गाणारीची लेखी परवानगी, गाव, तारीख आणि शब्द यांची नोंद सोबत नसेल तर ते रेकॉर्डिंग यूट्यूबवरच्या गर्दीतली आणखी एक क्लिप होऊन जातं. आणि हे सगळं उतरवून घेता येईल असं ठेवावं. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज मिळते ती टेकडीवर चढून. तिथे सतत इंटरनेट मागणारं ॲप शोभेचं ठरेल.

अभ्यासिकेतल्या पोरांची हेटाळणी मला पटत नाही. टोरांटोतही दुपारी टेबलं अडवून बसलेली असतात ती परीक्षेवालीच. त्यांना तिथे कुणी ‘वाचक नव्हेत’ म्हणत नाही. फरक इतकाच की त्यांच्या खिशात असलेल्या कार्डावर कादंबरीही निघते. आपल्याकडे अभ्यासिकेची फी वेगळी आणि देवघेव विभागाची वर्गणी-अनामत वेगळी, त्यामुळे वर्षभर रोज आठ तास वाचनालयात बसणारा मुलगा एकही पुस्तक घरी नेत नाही. ही दोन सभासदत्वं एक करायला सरकारी आदेश लागत नाही, कार्यकारिणीचा ठराव पुरतो.

पुस्तकं एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी तर गाडीही घ्यायला नको, एसटीचं पार्सल आहेच. प्रश्न येईल तो हरवलेल्या पुस्तकाचा: भरपाई कुणी द्यायची, पुस्तक देणाऱ्या वाचनालयानं की मागणाऱ्या? इथला रिवाज सरळ आहे. जिनं मागवलं ती लायब्ररी जबाबदार, मग तिनं आपल्या सभासदाकडून वसूल करावं. जळगाव जिल्ह्यातल्या चार-पाच वाचनालयांनी एवढी एक अट लिहून सह्या केल्या आणि चरित्र-आत्मचरित्र या एकाच विभागाची सामाईक यादी केली, तरी वर्षभरात कळेल की वाचक नाहीत म्हणून पुस्तकं पडून होती, की कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून.