‘नवा क्लॅम्प बसवला तरी ब्लेड निसटतंच’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय आणि त्यासोबतचे तिन्ही फोटो नीट पाहिले. तक्रार थोडक्यात अशी: पिनच्या ब्लेडवर चालणाऱ्या तुमच्या स्क्रोल सॉला (बारीक ब्लेड वरखाली चालवून नक्षी कापणारं यंत्र) आमचा बिनपिनच्या ब्लेडचा क्लॅम्प संच बसवला आणि पहिल्याच कापात ब्लेड वरच्या बाजूने निसटलं. पत्रकात हाताने आवळायला सांगितलंय, पण हाताने भागेना म्हणून पक्कड लावली. मग निसटणं थांबलं, पण ब्लेड एकामागून एक तुटायला लागली आणि २० मिमी जाडीच्या लाकडात काप तिरका यायला लागला. ‘यापेक्षा जुना क्लॅम्प बरा होता,’ असं तुम्ही शेवटी म्हटलंय. हाच संच वापरणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून उत्तर इथेच सविस्तर देत आहोत.

जुन्या क्लॅम्पमध्ये ब्लेड कधी निसटलं नसणार, हे अगदी खरं. तिथे ब्लेडची आडवी पिन खाचेत अडकते, पकडीचा प्रश्नच येत नाही. बिनपिनचं ब्लेड मात्र दोन स्क्रूंच्या टोकांमध्ये नुसत्या दाबावर आणि घर्षणावर धरलेलं असतं. त्याच्या बदल्यात मिळतं ते असं: पिन आत घालायला साधारण ५ मिमीचं भोक लागतं, तर ५ नंबरचं (नंबर जितका मोठा तितकं ब्लेड रुंद आणि जाड) बिनपिनचं ब्लेड जेमतेम १ मिमी रुंद असल्यामुळे १.५ मिमीच्या भोकातून सहज जातं. बारीक जाळीकाम करायचं तर दुसरा मार्ग नाही. पण घर्षणावर चालणाऱ्या पकडीत तेलाचा पातळसा थरही घात करतो, आणि नव्या ब्लेडवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलंच असतं.

तुमच्या दुसऱ्या फोटोत, म्हणजे ब्लेडचं वरचं टोक जवळून घेतलंय त्यात, टोकापासून खाली एक चकचकीत ओरखडा दिसतो आणि त्याच्या दोन्ही कडांना तेलाची काळपट रेघ आहे. ब्लेड दाबाखाली असतानाच सरकलं, त्याची ही खूण. इथे आवळण्याचा जोर वाढवून उपयोग नाही, पकडीच्या जागा साफ आणि खरखरीत करायला हव्यात. ब्लेडची दोन्ही टोकं १५ मिमीपर्यंत थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग २२० नंबरच्या सॅंडपेपरची घडी करून त्यात एकदोनदा ओढा. स्क्रूंची टोकंही पुसा. ती गुळगुळीत झाली असतील तर २२० नंबरचाच कागद काचेवर ठेवून, स्क्रू अगदी उभा धरून चारदोन वेळा गोल फिरवा. कानस वापरू नका. टोक गोलसर होतं आणि ब्लेड एकाच बिंदूवर धरलं जातं. बदली ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) बाहेरून घेतलात तर चपट्या टोकाचाच घ्या. वाटीसारख्या खोलगट टोकाच्या स्क्रूची कड ब्लेडला रुतते आणि ब्लेड नेमकं तिथेच मोडतं.

संचातल्या प्रत्येक क्लॅम्पला दोन स्क्रू आहेत: एका बाजूला ३ मिमी ॲलन कीने फिरणारा ग्रब स्क्रू आणि समोरून हाताने फिरवायचा थंब स्क्रू. ग्रब स्क्रू एकदाच बसवायचा, रोज हलवायचा नाही. त्याचं टोक ब्लेडच्या खाचेच्या मध्यरेषेपर्यंत आणा, आणि वरच्या व खालच्या क्लॅम्पमध्ये ते सारखंच पुढे आलेलं असू द्या. दोन्ही स्क्रू एम६ (६ मिमी व्यासाचे) आहेत, दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. म्हणजे पाव फेरीत टोक पाव मिलिमीटर सरकतं. साफ केलेलं ब्लेड थंब स्क्रूच्या टोकाला टेकल्यावर पाव ते अर्धी फेरी आवळली की पुरते. त्याहून जास्त लागत असेल तर कुठेतरी तेल, गुळगुळीत टोक किंवा तिरपं बसलेलं ब्लेड आहे, असं समजा आणि ते शोधा.

पकडीत ब्लेड किती आत गेलंय हेही बघा. ब्लेडची लांबी १२७ मिमी. दोन्ही टोकांना १०-१० मिमी आत जायला हवं. नव्या क्लॅम्पची उंची जुन्यापेक्षा वेगळी असल्याने वर कधीकधी पाचच मिमी आत जातं, आणि तेवढ्यावर पकड टिकत नाही. तुमचं यंत्र समांतर भुजांचं दिसतंय, त्यामुळे मागचा ताणाचा नॉब ढिला केला की पुढची दोन्ही टोकं एकमेकांच्या जवळ येतात आणि हवी तेवढी लांबी मिळते. आखूड बसलेलं ब्लेड तसंच ठेवून ताण देऊ नका.

निसटतंय कुठून, हे अंदाजाने ठरवू नका. ब्लेड आवळून ताण दिल्यावर वरच्या आणि खालच्या क्लॅम्पच्या अगदी ओठाशी मार्करने रेघ मारा. मिनिटभर यंत्र रिकामं चालवा आणि बंद करून बघा. जी रेघ ओठापासून दूर गेली, ती बाजू सैल. ब्लेड वरून सुटल्यासारखं दिसतं तेव्हा बऱ्याचदा आधी खालून सरकून ताण गेलेला असतो, कारण लाकडाचा भुसा खालच्याच क्लॅम्पमध्ये साचतो.

आता पक्कड लावण्याबद्दल. पहिल्या फोटोत थंब स्क्रूच्या कंगोऱ्यांवर पक्कडीच्या दातांचे वळ स्पष्ट आहेत. क्लॅम्प ॲल्युमिनियमचा आहे आणि हाताने आवळण्याचा आग्रह त्यासाठीच आहे. पक्कडीच्या जोराने आटे ओढले जातात, खाच फाकते, आणि मग ब्लेड पूर्ण रुंदीवर न धरता एका कडेवर धरलं जातं.

त्याच फोटोतली तिन्ही ब्लेडं वरच्या क्लॅम्पच्या तोंडाशी तुटलेली आहेत. ब्लेड कुठे तुटलं यावरून बरंच कळतं. मधोमध, लाकडाच्या पातळीत तुटलं तर बहुतेक वेळा धार गेलेली असते किंवा लाकूड जोराने पुढे ढकललेलं असतं. क्लॅम्पच्या तोंडाशी तुटतं तेव्हा ब्लेड तिथे दर फेरीला वाकत असतं, किंवा ताण प्रमाणाबाहेर असतो. मिनिटाला १२०० फेऱ्यांनी चालणाऱ्या यंत्रात पाच मिनिटांत ते ६००० वेळा वाकतं. पोलाद तरी किती सोसणार? आमचा पहिला संशय वरच्या क्लॅम्पच्या खिळीवर, म्हणजे क्लॅम्प ज्यावर झुलतो त्या पिनवर आहे. ब्लेड काढून क्लॅम्प बोटाने पुढे-मागे झुलवा. तो स्वतःच्या वजनाने मोकळा झुलला पाहिजे. अडखळत असेल तर खिळीचं नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेलं, आपोआप सैल न होणारं) खेळ जाईपर्यंत आवळून मग एक अष्टमांश फेरी मागे घ्या. खिळीला तेलाचा एक थेंब चालेल, पण तो ब्लेडच्या खाचेत उतरू देऊ नका.

ताण यानंतरच. यंत्राचा प्लग काढा, ताणाचा लिव्हर सोडा, दाते समोर आणि खाली येतील असं ब्लेड आधी खालच्या क्लॅम्पमध्ये बसवा, मग वरची भुजा हलकी दाबून वरच्यात. दोन्ही स्क्रू आवळा, लिव्हर चढवा, आणि मग मागच्या नॉबने ताण वाढवत न्या. ब्लेडच्या मधोमध बोटाने बेताने बाजूला दाबलं तर ते साधारण ३ मिमी सरकावं. नखाने छेडलं तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, उंच आवाज यावा. थप्प असा बसका आवाज आला तर ताण कमी आहे. ५ नंबरला बेतलेला ताण २ नंबरच्या ब्लेडला जसाच्या तसा देऊ नका. २ नंबर सुमारे ०.७४ मिमी रुंद आणि ०.३० मिमी जाड, ५ नंबर सुमारे ०.९६ आणि ०.४० मिमी, म्हणजे पोलादाचा छेद जवळपास सहा दशांशावर येतो. नंबर बदलला की ताण पुन्हा तपासायचाच. नवं ब्लेड दोनतीन मिनिटं चालल्यावर थोडं सैलावतं, तेव्हाही नॉब किंचित फिरवा. काम संपलं की लिव्हर सोडून ठेवा.

तिरक्या कापाची दोन कारणं असू शकतात. कमी ताणामुळे जाड लाकडात ब्लेड पोटाशी फुगतं आणि कापाची कड कमानीसारखी येते. तुमच्या तिसऱ्या फोटोतली कड मात्र सरळ आणि एकाच बाजूला कललेली आहे, म्हणजे दोष ताणाचा नाही. एकतर टेबल कललेलं आहे, नाहीतर वरचा आणि खालचा ग्रब स्क्रू एका रेषेत नाहीत. स्क्रूंमध्ये १ मिमीचा फरक असेल तर २० मिमीच्या लाकडात काप वरून खाली सुमारे ०.२ मिमी सरकतो. जोडकामात एवढं डोळ्यांत भरतं. ताण दिलेल्या ब्लेडला छोटा गुण्या लावून टेबल बसवा, टेबलाखालच्या अंशांच्या काट्यावर विसंबू नका. मग ४० मिमीच्या ठोकळ्यात ३ मिमी काप घ्या, यंत्र बंद करा, ठोकळा अर्धा फिरवून ब्लेडच्या मागून तोच काप त्यावर सरकवा. न अडता शिरला तर काटकोन बरोबर.

आणखी एक. २० मिमीच्या कठीण लाकडाला तुम्ही २ नंबर वापरलंय. तिथे ५ किंवा ७ नंबर घ्या. बारीक ब्लेड अशा जाडीत तापतं आणि लाकूड ढकलायचा मोह होतो.

पक्कड लागल्यामुळे तुमचा वरचा क्लॅम्प आणि दोन्ही थंब स्क्रू आता भरवशाचे राहिलेले नाहीत. ते आम्ही बदलून देतो, खर्च आमचा. ऑर्डरसोबतच्या संदेशात यंत्राचं मॉडेल कळवा आणि एक फोटो पाठवा: समोरून घेतलेला, ब्लेड बसवलेलं, भुजा सर्वांत वर असताना, दोन्ही क्लॅम्प दिसतील असा. खिळी मोकळी आहे का ते झुलवून बघून तेही लिहा. ती अडखळत असेल तर खिळी आणि नटही त्याच पाकिटात घालून पाठवू.