स्पिटफायर खाली का बसवली नाही

भाऊ, प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की, मी माझ्या स्पिटफायरचं (ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स गाडी) सस्पेन्शन सुधारलं म्हणतो, पण गाडी इंचभरही खाली बसवली नाही, पुढचे स्प्रिंग मूळचेच ठेवले, मागचा पाटा (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांचा स्प्रिंग) आणि शॉकअप तेवढे बदलले. मग हे कसलं अपग्रेड? शिवाय पुढच्या ट्रनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात) ग्रीसऐवजी तेल भरलं, ही तर तुम्हाला सरळ चूक वाटली.

तुमचा एक मुद्दा खरा आहे. मागून गाडी खाली घेतली की चाकं वरून आत कलतात आणि वळणावर भरवसा वाढतो. विलायतेत बरेच जण तेच करतात. पण ही गाडी आर्वी-पुलगाव पट्ट्यात फिरते. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. अशा रस्त्यावर चाकाला वरखाली व्हायला जागा हवीच. ती कमी केली तर गावोगावच्या गतिरोधकांवर बूड घासणार. स्प्रिंग कडक केला तर चाक लाटेच्या माथ्यावर रस्ताच सोडणार, मग पकड कुठून येणार?

या गाडीचं खरं दुखणं मागे आहे. मार्क ३ या मॉडेलपर्यंत तिचा मागचा आडवा पाटा डिफरन्शिअलवर (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) घट्ट आवळलेला असायचा. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडी मागून सुटते. चिखलदऱ्याच्या घाटात हे जिवावर बेतेल. कंपनीनेच १९७० च्या मार्क ४ मध्ये इलाज केला: पाट्याचं एकच पान घट्ट, बाकीची मध्यावर मोकळी. मी बसवलेला पाटा तोच. वजन पूर्वीसारखंच पेललं जातं, पण गाडी कलताना मागचा विरोध कमी होतो. तो भरून काढायला पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड लागतो. तोही मी बसवलाय, तुमच्या नजरेतून सुटला असेल. स्पिटफायर ज्या गाडीवर बेतली त्या ट्रायम्फ हेराल्डलाही मागे हीच रचना होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तर हेराल्डवरूनच १९७२ ची गॅझेल गाडी काढताना ही मागची रचनाच सोडली आणि दोन्ही चाकं जोडणारा अखंड एक्सल टाकला.

आता तेलाचं. ट्रनियन पितळेचा, त्यात चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी लिंकचे आटे, आणि स्टिअरिंग वळलं की हे आटे फिरतात. ग्रीस तिथवर नीट पोचत नाही, पाणी शिरतं, गंज धरतो, आणि एक दिवस लिंक आट्यापाशी तुटून चाक गाडीखाली आडवं होतं. म्हणून कंपनीच्या हँडबुकात ग्रीस नाही, गिअरचं नव्वद नंबरचं तेल सांगितलंय. ग्रीसगनमध्ये तेच भरायचं आणि वरून तेल दिसेपर्यंत मारायचं.

तुमच्याकडे हेराल्ड आहे असं लिहिलंत. तिच्यातही हाच ट्रनियन असतो. आजवर ग्रीस मारत आला असाल, तर लांबच्या रस्त्याला काढण्याआधी दोन्ही बाजू उघडून आटे बघून घ्या. गंजाने खाल्लेले दिसले तर लिंक बदलाच, तेल मारून चालवू नका.