पाणी कमी, पण मोजलं कसं?

बाळंतपणाची तारीख उलटलेल्या बाईच्या सोनोग्राफीत ‘पाणी कमी’, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी कमी, असं आलं की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, डॉक्टर पैशासाठी घाबरवतात. दुसरा म्हणतो, सिझर करून मोकळं व्हा. ब्रिटनमधून हा वाद ऐकताना वाटतं, पाणी मोजलं कसं हे कुणीच विचारत नाही.

आपल्याकडच्या रिपोर्टवर बहुतेकदा एएफआय, म्हणजे या पाण्याचा निर्देशांक, असतो. पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या सर्वांत खोल पॉकेटची (पाण्याच्या कप्प्याची) उभी खोली मोजायची आणि बेरीज करायची. 5 सेंमी किंवा त्याखाली म्हणजे कमी. दुसऱ्या पद्धतीत सगळ्यांत खोल असं एकच पॉकेट मोजतात. 2 सेंमीखाली म्हणजे कमी. दोन्हींची तुलना झाली तेव्हा एएफआयमुळे ‘पाणी कमी’चं निदान वाढलं, औषधाने कळा आणणं वाढलं, बाळांना मात्र जास्तीचा फायदा दिसला नाही. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2021 च्या सूचनांतही सगळ्यांत खोल पॉकेटची खोलीच आहे.

आकडा चुकतोही सहज. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर दाबला की पॉकेट चपटं होतं. नाळेचे वेढे किंवा बाळाचे हातपाय आलेली जागा धरायची नसते. रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावला तर नाळ जास्त दिसते आणि आकडा खाली येतो. आई दिवसभर कमी पाणी प्यायली असेल, तर एक-दोन लिटर पाणी पिऊन काही तासांनी पुन्हा मोजावं. आणि मुळात तारीख खरी हवी: पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवरून बदलू नये.

तरीही ब्रिटनमधलं, इथलं वाट पाहणं जसंच्या तसं भारतात नेऊ नये. इथे 41 आठवड्यांनंतर कळा आणण्याचा पर्याय देतात. नको म्हटलं तर 42 पासून आठवड्यातून दोनदा सीटीजी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) आणि पाणी तपासायची तयारी असते. ही तपासणी फक्त त्या क्षणाची स्थिती सांगते, पुढच्या दिवसांची हमी देत नाही. स्वीडनमध्ये 41 व्या आठवड्यात कळा आणणं आणि 42 पर्यंत थांबणं यांची तुलना चालू होती. थांबणाऱ्या गटात 6 बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला.

नंदुरबारच्या डोंगराळ धडगावच्या पाड्यावरून आठवड्यातून दोनदा सीटीजीला कोण येणार? तिथे 41 आठवडे झाल्यावर दाखल करून कळा आणणंच मला योग्य वाटतं. पॉकेट 2 सेंमीखाली असेल तरी बाकी सगळं ठीक असताना पहिलं पाऊल तेच. पाणी कमी असल्याने नाळ दबू शकते, म्हणून कळा चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष हवं. ठोके पडू लागले आणि सावरले नाहीत, तर सिझर.