निळ्या बादलीत अख्खं काडतूस टाकणाऱ्यांनो

आमच्या इंदूरच्या नेमबाजीच्या रेंजवर प्रत्येक लेनच्या मागे एक निळी बादली आणि एक लाल झाकणाचा डबा ठेवलाय. बादलीत रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे बार उडाल्यावर उरणारी पितळेची नळकांडी, आणि डब्यात न उडालेली काडतुसं. दोन्हींवर मराठीत आणि हिंदीत ठळक अक्षरांत लिहिलंय, वर चित्रही चिकटवलंय. तरी परवा निळ्या बादलीतून पुन्हा एक अख्खं काडतूस निघालं, शिशाच्या गोळीसकट. टाकणारा कोण, विचारलं तर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

इंदूर 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून छाती फुगवून फिरायचं. घरी कचऱ्याचे सहा भाग करायचे, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, आणि गाडीवाल्याने नाही घेतला तर त्याच्याशी वाद घालायचा. तीच माणसं रेंजवर आली की त्यांना दोन भाग करणं जमत नाही! आणि इथे चुकीच्या डब्यात केळ्याची साल जात नाहीये, स्फोटक जातंय.

"काका, तो फुसका होता हो, उडालाच नाही." हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. फुसका म्हणजे मेलेला नव्हे. आपल्या रायफलींच्या पॉइंट टू-टूच्या (.22) काडतुसात ठिणगीचा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत आत गोल फिरवून भरलेला असतो. पिन कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. पिन जिथे पडली नेमका तिथेच मसाला पोचलेला नसेल तर काडतूस उडत नाही. पण उरलेल्या कडेत तो आहेच. तेच काडतूस थोडं फिरलं आणि दुसऱ्या जागी ठोका बसला की उडू शकतं. म्हणून सांगतो, बार उडाला नाही तर नळी टारगेटकडेच ठेवा, अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा, काडतूस काढा आणि लाल डब्यात टाका. यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही. खटकन बोल्ट ओढायचा, न बघता मागे भिरकावायचं आणि पुढचं भरायचं. स्कोअर महत्त्वाचा ना!

ही बादली पुढे कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक आहे का? सांवेर रोडवरच्या एका भट्टीत. तिथला ओतारी पुंगळ्या मुशीत टाकतो. पितळ वितळतं नऊशे अंशांच्या वर. त्यात एक जिवंत काडतूस गेलं तर गोळी बंदुकीतून सुटावी तशी सुटणार नाही, हे खरं, कारण भोवती नळी नसते. पण पितळेच्या चिंध्या उडतात आणि वितळलेला धातू बाहेर शिंतोडतो. तो माणूस मुशीवर वाकलेला असतो. त्याचे डोळे तुमच्या आळसापायी जावेत? त्याने मला एकदाच विचारलं होतं, "भिया, सगळं नीट बघितलंय ना?" मी हो म्हटलं. ते हो मी माझ्या डोळ्यांनी एकेक पुंगळी पाहून म्हणतो. तुमच्या भरवशावर नाही म्हणत.

हे एकेक पाहणं काय असतं तेही सांगतो. रिकामी पुंगळी अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त भरते, किलोला साधारण दीड हजार चढतात. टेबलावर पांढरं कापड अंथरायचं, मूठभर पसरायच्या आणि तांदळातले खडे निवडावेत तसं निवडायचं. त्यात काय काय निघतं! एअर रायफलचे चेपलेले छर्रे, .32 पिस्तुलाच्या जाड पुंगळ्या, च्युइंगमचे कागद, एकदा तर विडीचं थोटूक. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीच्या प्लास्टिक काडतुसांची बुडं पिवळीधमक दिसतात, पण बहुतेकदा ते लोखंड असतं, वरून पितळेचा मुलामा. लोहचुंबक फिरवला की टपाटप चिकटतात. ती पितळात गेली तर अख्ख्या मालाचा भाव पडतो आणि भट्टीवाला पुढच्या वेळी आपल्याला दारात उभं करत नाही.

आणि धूळ. त्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं, उडाल्यावर त्याची राख पुंगळीच्या आत-बाहेर बसते. बादली ओतली की ती हवेत उठते. म्हणून मी मास्क लावतो, टेबल ओल्या फडक्याने पुसतो, कोरडा झाडू चालवत नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. आणि हे महाशय त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर पोह्यांची प्लेट ठेवतात! वरून शेव, वरून जिरावणाचा मसाला, शेजारी जिलबी, आणि बाजूला शिशाची राख. बोललं की म्हणायचं, "काका तुम्ही फार टेन्शन घेता." शिसं शरीरात साठतं रे बाबांनो, लहान पोरांना तर जास्तच बाधतं. आणि पोरं हल्ली रेंजवर भरपूर येतात.

येतात ते चांगलंच आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हा रामबागेपासून सुदामानगरापर्यंत मराठी घरांत पेढे वाटले गेले. ज्यांनी कधी रायफल पाहिली नव्हती ते आपल्या पोरांना घेऊन आले. मला मनापासून आनंद झाला. पण त्या सामन्याच्या नुसत्या पात्रता फेरीत गुडघ्यावर 20, पडून 20, उभ्याने 20, असे 60 बार मोजले जातात, आधीचे सायटर, म्हणजे नेम जुळवायचे बार, वेगळे. सरावात त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पुंगळ्यांचा ढीग वाढला, बाया-बाप्ये-पोरं वाढली, आणि उचलायला माणूस तोच. पोराला पदक हवं, पण त्याने वाकून स्वतःच्या चार पुंगळ्या उचलल्या तर आईबापांचा चेहरा उतरतो.

आता दुसरी जमात, पुंगळ्या विकत घेणारे छंदिष्ट. कोणी रेल्वेचं मॉडेल बनवतं, कोणी कानातले, कोणी लेथवर बारीक काम करतं. कलेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच कमिटीला सांगून, पोलीस ठाण्याला लेखी कळवून ही सोय करून घेतली: तोंड चेपलेली, आरपार भोक पाडलेली पुंगळीच द्यायची, रजिस्टरमध्ये सही, हातात पावती. त्यावर यांचं म्हणणं काय? "भोक नसलेल्या द्या ना." का नाही देत, ते दर वेळी सांगावं लागतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही धरलेत. विमानतळावर बॅगेत विसरलेल्या एका रिकाम्या पुंगळीपायी माणसं तासन्‌तास अडकून पडलीत. तुमच्या कीचेनसाठी मी माझ्या क्लबचा परवाना पणाला लावू?

एकाने तर कमाल केली. दोनशे पुंगळ्या हव्यात, सगळ्या एकसारख्या, बुडावर एकच अक्षर, आरशासारख्या चकचकीत, आणि कडेवर पिनचा खड्डा नसलेल्या. अहो, खड्डा नाही म्हणजे ती उडालेलीच नाही! पिन कडेवरच पडते, खड्डा पडणारच, त्याशिवाय ती रिकामी कशी होईल? हे समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "मग खड्डा असलेल्यांचा भाव कमी करा."

दुसरा मोबाइल नाचवत आला. अमेरिकेत म्हणे हेच किलोकिलोने मिळतं, तुम्ही लुटता. मिळत असेल! तिथे 1940 च्या दशकापासून लोक टू-टूच्या वापरलेल्या पुंगळ्या दाबून त्यातून गोळ्यांची वेष्टणं बनवतात, त्यासाठीच वर्गवारी करून विकतात. तिथला कायदा वेगळा, तिथला छंद वेगळा. पुंगळीची कड एकदा चेपली की तिच्यात पुन्हा मसाला भरून ती वापरणं सोपं काम नव्हे, हे तिथल्यालाही ठाऊक आहे. आणि तू तर कानातले बनवणार आहेस ना? मग अमेरिकेचा भाव मला कशाला ऐकवतोस? बर्तन बाजारात जा, पितळेचा पत्रा घे.

सगळ्यांत संताप आणणारं वाक्य म्हणजे "कचराच तर आहे काका, त्याचे काय पैसे?" कचरा होता तो बादलीत. त्यातून छर्रे वेचले, लोखंड काढलं, जिवंत काडतूस शोधलं, चिंचेच्या पाण्यात धुतलं, पावसाळ्यात दिवसचे दिवस वाळवलं, कारण भट्टीत पाण्याचा थेंब गेला तर तोही उसळतो. मग चेपलं, भोक पाडलं, मोजून पिशवीत भरलं. हे पैसे माझ्या खिशात जात नाहीत. त्यातून गरीब पोरांसाठी कानाचे मफ येतात, टारगेटचे कागद येतात. आणि हे लोक वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालून, वर "दोन एक्स्ट्रा टाका" म्हणतात, जसं काही भाजीवर कोथिंबीर मागतायत.

येत्या रविवारपासून लेनचा नंबर बादलीवर असेल आणि नेमबाजाचं नाव रजिस्टरमध्ये. बादली स्वतः टेबलावर आणून, माझ्यासमोर पसरून, निवडून द्यायची, मगच काडतुसांचा पुढचा डबा मिळेल. ज्याच्या बादलीत जिवंत काडतूस सापडेल त्याची महिनाभर लेन बंद, मग तो नवशिका असो की कमिटीतल्या कोणाचा भाचा. कमिटीची सही घेतली आहे. आणि टेबलावर पोहे दिसले तर प्लेट सरळ उचलून बाहेर ठेवणार.