बोराएवढी गाठ आणि तीन हजारांचं इंजेक्शन

रात्री साडेनऊला दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात आत्याचा फोन आला. "बापू, तुह्या मेडिकलात ते चरबी इरघळायचं इंजेक्शन भेटते काय रे? शिबिरात तीन हजार सांगून रायले. तूच आणून देजो. टोचाले कोनी बी चालते म्हने."

आत्या 68 वर्षांची. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते, अजून कापूस वेचायला बायांसोबत वावरात जाते. मागच्या आठवड्यात तिच्या नातीचं साक्षगंध झालं. फोटोवाल्याने नेमका बाजूने एक फोटो काढला, त्यात आत्याची मान आणि हनुवटीखालची लोंबणारी कातडी ठळक आली. घरच्या ग्रुपवर कुणीतरी त्यावर हसरं तोंड टाकलं. तेव्हापासून आत्या घरातही पदर गळ्याभोवती घेऊन बसते. आणि दुसऱ्याच दिवशी सुनेच्या भावाने तो मेसेज पाठवला. हा तोच माणूस, ज्याने कोरोनात कापराच्या पुड्या वाटल्या होत्या.

मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. थोडक्यात असा: 'ऑपरेशनला बाय बाय! हनुवटीखालची चरबी, लोंबणारी मान, ढिला जबडा 20 मिनिटांत टाइट. एक इंजेक्शन आणि जादूचा धागा. चाकू नाही, टाका नाही, साइड इफेक्ट शून्य. अमेरिकेची मान्यता, सुश्रुताचा आधार. एकदाच करा, आयुष्यभर तरुण राहा. घरी पण घेता येते. गळ्याच्या गाठी, गलगंड, गंडमाळ यावरही गुणकारी. शिबिरात फक्त 2,999.' खाली निळ्या झाकणाच्या एका बाटलीचा फोटो.

हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण आत्याने फोन ठेवता ठेवता एक वाक्य बोललं. "डाव्या अंगाले जबड्याखाली बोराएवढी गाठ हाय, पाच-सहा महिने झाले. तेबी संगंच जाईन."

म्हणून मेसेजची शेवटून दुसरी ओळ आधी घेतो. बाकीच्या ओळींनी पैसे बुडतील. या ओळीने माणूस बुडेल.

मानेतली गाठ म्हणजे चरबी असं कुणी ठरवलं? आपल्याकडे मानेत गाठ यायला चिक्कार कारणं आहेत. थायरॉइडची असते, ती घोट गिळताना वरखाली होते. टीबीची असते. फुप्फुसाबाहेरचा टीबी सगळ्यात जास्त मानेच्या गाठींमध्येच दिसतो, जुनी माणसं त्यालाच गंडमाळ म्हणतात. दाढ किडली की येते. लाळेच्या ग्रंथीची असते. आणि विदर्भात तरी जिचं नाव पहिल्यांदा घ्यायला पाहिजे ती असते खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची. तोंडाचा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी मानेतल्या गाठींत उतरतो. अशी गाठ कडक असते आणि बऱ्याचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच तिच्याकडे कुणी पाहत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर पन्नीत घोटलेला खर्रा दिवसभर विकला जातो. तिथलंच एक रोजचं गिऱ्हाईक जबड्याखालच्या गाठीवर लावायला माझ्याकडून मलमाची ट्यूब न्यायचं. एक संपली की दुसरी. चार महिने मी देत गेलो. एकदाही म्हटलं नाही की भाऊ, तोंड उघडून दाखव. शेवटी त्याला घास गिळवेना तेव्हा नागपूरला नेलं. जिभेच्या कडेला जखम निघाली. अर्धा जबडा काढावा लागला. त्या चार ट्यूबची बिलं माझ्याच बुकात आहेत. त्यामुळे 'गाठीवरही गुणकारी' हे वाचलं की माझं डोकं फिरतं, आणि या लेखात मी सभ्य राहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

अशा गाठीत किंवा तिच्या आजूबाजूला चरबी विरघळवणारं औषध टोचलं तर गाठ जात नाही. वरून सूज येते, जागा कडक होते, बधिर होते. मग आतली मूळ गाठ वाढते की नाही हे डॉक्टरच्या बोटाला तरी कसं लागणार? आणि रोगी मात्र 'उपचार चालू आहे' म्हणून सहा महिने घरी. टीबी असेल तर तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्यांनी तो बरा होण्याच्या मार्गाला लागला असता. कॅन्सर असेल तर सहा महिन्यांची किंमत मी वर सांगितली.

दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या गाठीला आधी नाव द्यावं लागतं. त्यासाठी बारीक सुईने थोडं पाणी-पेशी ओढून काचेवर तपासतात. सुई टोचायचीच असेल तर ही टोचा.

शिवाय गलगंड, कॅन्सर, लठ्ठपणा यांवर इलाजाची जाहिरात करणं हाच मुळात गुन्हा आहे. 1954 च्या जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत ही नावं स्पष्ट आहेत. मेसेज पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल. शिबिरवाल्याला माहीत असलं पाहिजे.

आता 'अमेरिकेची मान्यता'. इथे मला दात-ओठ खात मान्य करावं लागतं की यात अर्धं खरं आहे. डिऑक्सिकोलिक ॲसिड नावाचं औषध आहे. आपल्या पित्तातही हा पदार्थ असतो आणि तो पेशीचं आवरण फोडतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याने, एप्रिल 2015 मध्ये 'कायबेला' या नावाने त्याला हनुवटीखालच्या चरबीसाठी मान्यता दिली. पण मान्यता कशाला दिली हे त्या औषधासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि ते मी दुपारी गिऱ्हाईक नसताना पूर्ण वाचून काढलं. मेसेज लिहिणाऱ्याने वाचलं नाही, हे मी पैजेवर सांगतो.

त्यात लिहिलंय की हे फक्त हनुवटीच्या खालच्या भागासाठी. बाकी कुठेही ते सुरक्षित आहे किंवा उपयोगी आहे हे सिद्ध झालेलं नाही. म्हणजे जबडा गेला, गालाची लोंबणारी पिशवी गेली. त्यात लिहिलंय की टोचण्याआधी हनुवटीखाली फुगलेलं दिसण्याची दुसरी कारणं आहेत का ते तपासा, आणि उदाहरण म्हणून दोनच नावं दिलीत: वाढलेली थायरॉइड आणि मानेतल्या गाठी. ज्या दोन गोष्टी आधी नाहीत याची खात्री करायला कंपनी सांगते, त्याच दोन गोष्टींवर हा मेसेज तेच औषध विकतो! उफराटं म्हणायलाही शब्द कमी पडतो.

पुढे लिहिलंय की कातडी फार ढिली असेल किंवा मानेचे पट्टे ताणून दिसत असतील तर नीट विचार करा, कारण चरबी गेल्यावर रूप आणखी बिघडू शकतं. हे समजायला डॉक्टर व्हायची गरज नाही. कापसाचं भरलेलं पोतं घ्या आणि त्यातला अर्धा कापूस काढा. पोतं ताठ होतं की लोळतं? आत्याच्या मानेत मुळात चरबी कमीच आहे. उन्हाने आणि वयाने कातडी ढिली झाली, तिच्याखालच्या पातळ स्नायूच्या कडा दोरीसारख्या पुढे आल्या, आणि खालच्या दाढा गेल्यामुळे जबड्याचं हाडही झिजलं. यात विरघळवायचं काय?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जपून, असंही आहे. आत्या रोज ॲस्पिरिन घेते, गोळी माझ्याच दुकानातून जाते. 65 च्या वरची पुरेशी माणसं चाचणीत नव्हती, हेही आहे. आत्या 68 ची.

'साइड इफेक्ट शून्य'. त्याच पत्रकातले चाचण्यांचे आकडे: 100 पैकी 87 जणांना सूज, 72 जणांना काळंनिळं पडणं, 70 जणांना दुखणं, 66 जणांना बधिरपणा. जबड्याच्या काठाने एक बारीक नस जाते, खालचा ओठ ओढायचं काम ती करते. तिला इजा होऊन हसू वाकडं झालेले 4 टक्के. ते हळूहळू भरून आलं, पण बऱ्याच जणांना महिना-दीड महिना लागला. नातीच्या लग्नात आत्या वाकडं तोंड करून उभी राहिली तर गावात काय काय बोलतील, ते मेसेजवाल्याने येऊन ऐकावं. गिळायला त्रास झालेले सुमारे 2 टक्के.

'20 मिनिटांत' आणि 'एकच इंजेक्शन'? एका बैठकीत सुईचे 50 पर्यंत टोचे, प्रत्येक एका सेंटिमीटरच्या अंतरावर. दोन बैठकांत निदान एक महिना. अशा सहापर्यंत बैठका. हे सगळं 2,999 मध्ये करणारा एक तर देवमाणूस असेल, नाही तर बाटलीत दुसरंच काही असेल.

त्यावरून बाटली. फोटो मोठा करून पाहिला. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, परवाना क्रमांक नाही. माझ्या दुकानात अशी एक बाटली सापडली तर इन्स्पेक्टर मला दारात उभं करेल. डिसेंबर 2023 मध्ये त्याच अमेरिकी एफडीएने, हो, जिची मान्यता हे मिरवतात तिनेच, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मान्यता नसलेल्या चरबी-विरघळ इंजेक्शनांबद्दल लोकांना सावध केलं. कायमचे व्रण, गंभीर संसर्ग, कातडी विद्रूप होणं, आत खोलवर दुखऱ्या गाठी, अशा तक्रारी आल्या होत्या. घरी स्वतःच टोचून घेणारेही त्यात होते. 'घरी पण घेता येते' या ओळीला यापेक्षा जास्त उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. मानेत नसा, रक्तवाहिन्या, श्वासनळी सगळं बोटभर जागेत आहे. तिथे अंदाजाने सुई मारणारा माणूस बैलाला लस टोचायच्याही लायकीचा नाही.

जादूचा धागा. जादू काही नाही, कातडीखाली धागा ओवून ती ओढून धरतात. त्यातले बरेचसे धागे पॉलिडायऑक्सॅनोनचे असतात, तेच ज्याने सर्जन पोटाचे टाके घालतात. सहा-सात महिन्यांत धागा शरीरात विरून जातो आणि ताण फार तर वर्ष-दोन वर्षं टिकतो. सहा महिन्यांत विरणाऱ्या वस्तूने 'आयुष्यभर' कसं काय धरून ठेवायचं?

सुश्रुताला मात्र यात ओढू नये. त्याने नाक आणि कानाची पाळी जोडायची रीत सांगितली, ती चाकूची रीत होती. 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा बसवल्याचं वर्णन छापून आलं, आणि त्यावरून युरोपातले सर्जन शिकले. अभिमान जरूर बाळगा. पण ते करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा हात होता. शिबिरवाल्याकडे भिंतीवर टांगलेलं तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये केस-रोपण आणि सौंदर्याच्या प्रक्रियांबद्दल सूचना काढल्या, त्यात कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं सरळ लिहिलंय.

मग मानेसाठी काहीच नाही का? आहे. कमी चिरफाडीची शस्त्रक्रियाही खरीच आहे. हनुवटीच्या खालच्या घडीत छोटी चीर देऊन स्नायूच्या कडा जोडता येतात, दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रातून नळी घालून चरबी ओढता येते. कातडी फारच लोंबत असेल तर कानामागून-पुढून ओढून जास्तीची कापावी लागते, आणि तेव्हा 'टाका नाही' हे गाणं बंद होतं. नंतर काही दिवस हनुवटीला पट्टा, सूज, भूल देण्याआधीच्या तपासण्या. हे प्लास्टिक सर्जनचं काम आहे. नागपूरला होतं, मंगल कार्यालयात होत नाही. पैसा असेल, हौस असेल आणि तपासणी नीट झाली असेल तर एखाद्या बाईने ते करून घ्यावं की नाही हे ठरवणारा मी कोण? 68 व्या वर्षी फोटोत बरं दिसावंसं वाटणं यात हसण्यासारखं काही नाही. ग्रुपवर हसरं तोंड टाकणाऱ्याला हे मी वेगळं सांगितलं आहे, इथे छापता येणार नाही अशा शब्दांत.

आत्याला यातलं निम्मं फोनवर सांगितलं. तिला नसांचं काही पटलं नाही. पोत्याचं पटलं. गाठीचं म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली, मग म्हणाली, "दुखत तं नाही रे." मी म्हटलं, म्हणूनच. मंगळवारी सकाळच्या एसटीने तिला यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घशाच्या ओपीडीत घेऊन जातोय. दुकान त्या दिवशी बंद राहील, गिऱ्हाइकांनी समजून घ्यावं.

"बरं, येतो मी," ती म्हणाली. "पन त्या फोटोवाल्याले सांगून ठेवजो, लग्नात बाजूनं काढू नको म्हना."

सांगून ठेवलंय.