पाचशे जनुके आणि ‘सदैव चालू’चा गैरसमज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा एक मजकूर माझ्या विद्यार्थ्यांनी मला दाखवला. अतिसूक्ष्म जीवाणूंत जेमतेम पाचशे जनुके असतात, ती चालू-बंद करणारी यंत्रणा त्यांच्यात नसते, म्हणून सगळी जनुके सदैव चालू असतात आणि त्यांवरचे संशोधन ही उधळपट्टी होय, असे त्यात म्हटले आहे.

आकड्याबद्दल वाद नाही. 1995 मध्ये वाचल्या गेलेल्या मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या अतिसूक्ष्म जीवाणूच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे 5 लाख 80 हजार अक्षरे आणि पाचशेच्या आसपास जनुके आहेत, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूमध्ये ती चार हजारांहून अधिक असतात. मायकोप्लाझ्मात जनुके चालू-बंद करणारी नियामक प्रथिने मोजकीच आहेत, हेही खरे. मात्र पाचशे उंबऱ्यांच्या गावातही सगळ्या चुली एकाच वेळी पेटत नाहीत.

‘सदैव चालू’ हे विधान तर मोजमापानेच खोडले गेले आहे. जनुक चालू असले की त्याच्या आरएनए प्रती निघतात; त्याच कुळातल्या मायकोप्लाझ्मा न्यूमोनियेच्या अशा प्रती निरनिराळ्या परिस्थितींत मोजल्यावर 2009 मध्ये असे प्रसिद्ध झाले की, एकापेक्षा जास्त जनुके सलग वाचली जाणारे 139 गट त्यात आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या गटांत पहिल्या जनुकापासून शेवटच्यापर्यंत प्रती पायरीपायरीने घटत जातात. चिकोडी-निपाणीकडे उसाला रात्री दारे धरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: पाटाच्या तोंडाशी असलेली सरी तुडुंब भरते, टोकाच्या सरीपर्यंत पाणी रोडावते. शिवाय परिस्थिती बदलली की हे गट मधेच तुटून लहान तुकड्यांत वाचले जातात, जणू कोणी पाटाला मधेच दार पाडावे. पूर्वी नोंद नसलेल्या 117 प्रती सापडल्या, त्यांपैकी 89 प्रती ज्ञात जनुकांसमोरच्या, डीएनएच्या उलट धाग्यावरून निघालेल्या होत्या. तापमान वाढवल्यास प्रथिनांना सावरणाऱ्या जनुकांच्या प्रतीही वाढतात. यंत्रणा नसती, तर हे घडलेच नसते. ती केवळ पाठ्यपुस्तकातल्या ई. कोलायसारखी नाही, एवढेच.

राहिला उधळपट्टीचा आरोप. मायकोप्लाझ्मा न्यूमोनियेमुळे माणसाला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालते तीच त्याला नसल्याने ते त्याच्यावर चालत नाही. दुसरे असे की, 2016 मध्ये प्रयोगशाळेत जुळवलेल्या 473 जनुकांच्या जीवाणूत 149 जनुकांचे नेमके काम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि अशा जनुकाचे काम ओळखायचे तर ते केव्हा, कोणाबरोबर आणि किती प्रमाणात चालू होते, हे आधी पाहावे लागते.