वाकळ म्हणजे चिंध्या नव्हेत!

दर वेळी तेच! मंगळवार पेठेत आम्ही सातजणी दुपारच्या जमून वाकळा, म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेल्या गोधड्या, शिवतो. कुणीतरी येतं, हात फिरवतं, "आजीची आठवण आली हो" म्हणतं आणि किंमत ऐकली की तोंड वाकडं. "जुन्या लुगड्यांचीच तर आहे!"

अहो, जुनीच लागतात! धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडातूनच सुई नीट जाते. सिंथेटिक साड्यांचे थर सरकतात, वाकळीला झोळ येतो. कडेपासून मध्यापर्यंत सगळा धावदोरा हातानं. पंधरा-पंधरा दिवस जातात एकीला. मान आखडते, बोटं सोलतात. मशीनच्या रजईला मात्र हीच माणसं मुकाट पैसे मोजतात.

काल एकीनं दोनशेला मागितली. दोनशेत दोरा आणि अस्तर तरी येतं का?